शून्य मिलिमीटर

आमच्या तुकडीनं दहावीचा भूगोलाचा पेपर दिलेला नाही. 21 मार्च 2020, शनिवार. इतिहासाचा पेपर देऊन केंद्राबाहेर आलो, तर फाटकापाशीच कळलं की सोमवारचा पेपर पुढं ढकललाय. रविवारी जनता कर्फ्यू, मग टाळेबंदी, आणि 12 एप्रिलला पेपर रद्दच झाला. 29 जुलैला निकाल लागला. भूगोलाच्या 40 गुणांच्या जागी बाकीच्या विषयांची सरासरी धरली होती. सगळ्यांनी पेढे वाटले, मीही वाटले. फक्त भूगोलाच्या सरांच्या घरी पेढा घेऊन जायला पाय उचलेना. त्यांनी शिकवलेल्यातलं एक अक्षरही आम्ही कागदावर उतरवलं नव्हतं.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाचवी ते दहावी एकच शाळा, चौतीस जण. सरांनी शाळेच्या पटांगणात पर्जन्यमापक बसवला होता, आणि सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहायची पाळी आम्ही आठवडावार वाटून घेतली होती. आठवीत माझी पाळी आली तो आठवडा पूर्ण कोरडा गेला. पडलाच नाही तर लिहायचं काय, म्हणून मी सहा दिवसांचे रकाने मोकळे सोडले. सरांनी वही उघडली, मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "शून्य लिव्ह. कोरं ठेवू नको. कोरं म्हंजे तू बघितलंच न्हाईस."

आम्हांला तोवर दुष्काळाची लाज वाटायची. खेळाच्या स्पर्धांना साताऱ्याला गेलो की तिकडची पोरं 'दुष्काळी आले' म्हणायची. आजी म्हणायची, शिंगणापूरच्या महादेवाचा कोप आहे. सरांनी फळ्यावर सह्याद्री काढला. समुद्रावरनं आलेले ढग डोंगर चढताना थंड होतात आणि तिथंच पाणी सांडतात. अलीकडं उतरणारी हवा तापत, कोरडी होत येते. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि आमच्याकडं पाचशेच्या आतबाहेर. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी मांडलेत. ईशान्य ब्राझीलमधल्या अवर्षण चतुष्कोनावर बोट ठेवून सर म्हणाले, "हे बघा, तिकडंबी एक माण तालुका हाय." वर्ग हसला. पण त्या दिवसापासून कुणी दुष्काळी म्हटलं की मान खाली जायची बंद झाली. आमच्याकडं पाऊस का पडत नाही हे आम्हांला सांगता येत होतं. ते म्हणणाऱ्याला येत नव्हतं.

2019 च्या जानेवारीत, आम्ही नववीत असताना, विहिरी आटल्या आणि आई दोन म्हशी घेऊन म्हसवडच्या छावणीत राहायला गेली. तिच्या सोबतीला मी. बारदानाचा आडोसा, चाऱ्याला ऊस, पाण्याला टँकर. शाळा जवळजवळ सुटलीच. पंधरा दिवसांनी सर मोटारसायकलवरून छावणीत आले. अभ्यासाचं काही विचारलं नाही. पिशवीतून दोन लिटरची बाटली काढली. वरचं तोंड कापून नरसाळ्यासारखं उलटं बसवलेलं, तळाशी खडे, बाजूला पट्टी चिकटवलेली. शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरून मोकळ्यावर ठेवायची. "शाळेची नोंद आता दोन जागची," एवढंच बोलले आणि आईनं केलेला कोरा चहा पिऊन गेले.

उन्हानं बाटलीतलं पाणी उडून जायचं. रोज टाकीवरून ओंजळभर आणून ते खुणेला लावावं लागे. शून्य राखायलाही पाणी लागतं, हे मी तेव्हा शिकलो. पाणी अंगावर सांडलं तरी आई ओरडायची, पण त्या ओंजळीला ती कधी काही म्हणाली नाही. सर दर पंधरवड्याला येत, माझ्या नोंदी शाळेच्या वहीत उतरवून घेत, आणि त्याच फेरीत मागे पडलेले धडेही होत. माझ्यासारखी आणखी तीन पोरं दुसऱ्या छावण्यांत होती. त्यांच्याकडंही बाटल्या गेल्या होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पेट्रोल कुणाचं, रविवार कुणाचा, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. जूनअखेरीला एका सकाळी बाटलीत चौदा मिलिमीटर पाणी दिसलं. ते लिहिताना माझा हात थरथरत होता.

छावणीतली आम्ही चौघंही दहावीला शाळेत परत आलो. माझ्या मते त्या बाटल्यांचं काम पाऊस मोजण्याचं नव्हतंच. आमची नावं हजेरीपटावर टिकावीत म्हणून त्या होत्या.

22 मार्चच्या रविवारी सरांनी आम्हांला नकाशाच्या सरावाला बोलावलं होतं. कोऱ्या नकाशांच्या प्रती काढून ठेवल्या होत्या, भारताच्या चौतीस, ब्राझीलच्या चौतीस. त्या तशाच राहिल्या. 31 मेला सर निवृत्त झाले. टाळेबंदीत ना हार, ना भाषण. किल्ल्या कपाटात ठेवून ते एकटेच घरी गेले. त्यांची शेवटची तुकडी आम्ही, आणि निरोपाला आमच्यातलं एकही पोर नव्हतं. निकालाचा पेढा मी दिवाळीत घेऊन गेलो. त्यांनी अर्धा मोडून माझ्याच हातावर ठेवला आणि विचारलं, परतीचा किती झाला?

आता चौतीस जण चहूकडं आहेत. दोघं चाकणला कारखान्यात, एकजण पोलिसात, चौघींची लग्नं झाली, एकजण मामाबरोबर कोइमतूरला गलाईच्या दुकानात, मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत. आमचा व्हॉट्सअ‍ॅप गट सणावाराला शांत असतो, सकाळी साडेआठला मात्र जागा होतो. कुणाकडं बाटली आहे, कुणाकडं विकतचं मापक. सर गटात आहेत. नोंद चुकली तर तेवढ्यापुरतं लिहितात.

गेल्या नोव्हेंबरातली एक सकाळ. तिकडं परतीच्या वाऱ्यांचा पाऊस. कोइमतूर, अडतीस. चाकण, शून्य. पुणे, शून्य. मग सरांच्या अंगणातून: शून्य.