आबा, मी आणि अजिंक्यतारा

दोस्तांनो, आधी एक कबुली देऊन टाकते. ही गोष्ट मी आमच्या घरातसुद्धा अजून पुरती सांगितलेली नाही. आई हा अंक वाचेल तेव्हाच तिला कळेल. आबांची परवानगी मात्र घेतली आहे. ते म्हणाले, "लिही की. फकस्त मला लई म्हातारा दाखवू नकोस."

तर २०२० च्या जूनमध्ये आमची शाळा मोबाइलवर भरायला लागली. मी सातवीत होते. बाबांचा जुना फोन माझ्याकडे आला. काचेला एक तडा होता, पण माझं त्यावर इतकं प्रेम बसलं की विचारू नका! दहाला तास सुरू व्हायचा. मी हजेरी लावायची, कॅमेरा बंद करायची आणि खुशाल गेम खेळत बसायची. गेमचा कंटाळा आला की रील. एक संपली की दुसरी आपोआप समोर. गोष्टीच्या पुस्तकाला शेवटचं पान तरी असतं, इथं शेवट म्हणून नाहीच. आणि प्रत्येक रील काही छान नसते, बरं का. दहातल्या आठ भिकारच असतात. पण पुढची कदाचित भारी असेल, या आशेवर अंगठा हलत राहतो. जत्रेतल्या नंबरच्या चक्रीपुढून माणूस उठत नाही ना, तसंच.

रात्री पांघरुणात घेऊन दोन-दोन वाजायचे. सकाळी डोळे चुरचुरायचे. कुणी हाक मारली तरी राग यायचा. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा पुन्हा उघडली. तोवर मी आठवीत गेले होते. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून उभी राहिले. छाती धपापत होती. मागून पाचवीतली असताना लंगडीत मला हरवणारी मैत्रीण आली, तीही तशीच धापा टाकत! आम्ही दोघी हसलो. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आता ती गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा शनिवार होता. आई-बाबा कामावर, घरात मी आणि आबा. आबा म्हणजे माझे आजोबा, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. मी आतल्या खोलीत, कानात इअरफोन. गेम ऐन रंगात आला होता. आमचे चौघांचे पथक होते आणि मधेच सोडून गेलं तर बाकीचे तिघे शिव्या घालतात. मला तहान लागली होती, तरी उठले नाही. शेवटी गेम संपल्यावर पाणी प्यायला बाहेर आले, तर न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं. आबा ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेले. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. चेहरा पांढराफटक.

किती वेळ ते तसे बसले होते, मला माहीत नाही. गेम मात्र जवळजवळ अर्धा तास चालला होता.

शेजारच्या काकांनी रिक्षा आणली. दवाखान्यात फोटो काढला, मनगटाचं हाड मोडलं होतं. आई धावत आली. "कसे पडलात हो आबा?" आबा म्हणाले, "पाय घसरला. पोरगी होती म्हणून बरं. लगेच उचललं तिनं."

"लगेच!" त्या एका शब्दानं मला जे वाटलं, ते आईनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी वाटलं नसतं.

त्या रात्री मी गेम काढून टाकला. तीन दिवसांनी परत घेतला. हो, खोटं कशाला सांगू? पश्चात्ताप खरा होता, पण संध्याकाळी चार ते सहा हा वेळ रिकामा पडला की हात आपसूक फोनकडे जायचा. फोन नसला की अंगात नुसती चुळबूळ. आईवर ओरडायची, भावाची खोडी काढायची. मला तेव्हा कळेना, की एखादी वस्तू नुसती काढून घेतली तर तिथं खड्डा उरतो. त्यात काय भरायचं, ते कुणी सांगत नाही.

भरलं ते आबांच्या हातानं, आणि तेही चुकून. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, हात प्लॅस्टरमध्ये असला तरी बोटं हलवत राहा आणि रोज चाला. एकटं मात्र सोडायचं नाही, असं आईनं बजावलं. काम माझ्या गळ्यात पडलं. पहाटे साडेपाचला! आदल्या रात्री दोनला झोपलेल्या मुलीला हे सांगणं म्हणजे शिक्षाच. पण त्या "लगेच"मुळे नाही म्हणता येईना. माझ्या एका हातात आबांचा डावा हात, दुसऱ्या हातात बॅटरी. फोन धरायला तिसरा हात नव्हता. तो घरीच राहिला.

पहिल्या दिवशी आम्ही राजवाड्यापर्यंत गेलो. आमच्या गल्लीपासून दहा मिनिटं. येताना मीच मागे पडले. आबा थांबले आणि म्हणाले, "काय गं, इंजन तापलं व्हय? तापली गाडी रेटायची न्हाई. थांबायचं, पानी घालायचं, मग पुढं."

दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. रात्री पांघरुणात फोन घेतला आणि तो हातातून सुटून नाकावर आदळला. मला चक्क झोप लागली होती! साडेनऊ वाजले होते. मी फोन सोडला नव्हता. पाय दुखत होते म्हणून झोपेनंच तो सोडवला. मग सकाळी उठणं तेवढं जड जाईना, शाळेत डुलक्या येईनात. सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. रात्रीची झोप बिघडली की दिवसभर मन चिडचिडं, मन चिडचिडं की पुन्हा फोन. चालण्यानं त्या साखळीतली एक कडी सैल झाली, एवढंच.

जानेवारीत प्लॅस्टर निघालं. मनगट लाकडासारखं झालं होतं. व्यायामाच्या ताईंनी स्पंजचा चेंडू दिला. दहा वेळा दाबायचा, मनगट दहा वेळा वर, दहा वेळा खाली. मोजायचं काम माझं. आबांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण आकडा पुरा केल्याशिवाय थांबायचे नाहीत. मला नुसतं बसून मोजायची लाज वाटली, म्हणून मी सूर्यनमस्कार घालू लागले. पहिल्या दिवशी चार! चौथ्याला हात थरथरले आणि मी सतरंजीवर आडवी. आबांनी चेंडू दाबता दाबता मोजलं, "चार. उद्या पाच." महिन्यानं बारा झाले. गेममध्ये एका दुपारी दहा पायऱ्या चढता येतात, इथं आठ सूर्यनमस्कारांना महिना लागला. पण ते बारा माझे होते. फोन बिघडला तरी जाणार नव्हते.

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं. इंटरनेटच्या व्यसनाला पहिल्यांदा नाव दिलं ते इव्हान गोल्डबर्ग या अमेरिकन डॉक्टरांनी, १९९५ मध्ये, आणि तेही थट्टेनं! थट्टेची पुढे मस्करी उरली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जानेवारी २०२२ पासून गेम खेळण्याचा विकार अधिकृतपणे आला. पण नुसता तासभर गेम खेळणाऱ्याला हा विकार म्हणत नाहीत हं. खेळावर ताबा राहिला नाही, शाळा-घर-झोप सगळं मागं पडलं, नुकसान दिसत असूनही थांबता आलं नाही, असं बराच काळ चाललं तर. चीनमध्ये आणि दक्षिण कोरियात अशी सवय लागलेल्या विद्यार्थ्यांवर व्यायामाचे बरेच प्रयोग झाले आहेत. कुणाला बास्केटबॉल खेळायला लावलं, कुणाला ताई-ची शिकवलं. पुष्कळांची ओढ कमी झाली. मात्र यातले बरेच प्रयोग थोड्याच मुलांवर आणि थोडेच आठवडे झालेले आहेत, म्हणून व्यायाम हा रामबाण उपाय आहे असं मी काही छातीठोकपणे सांगणार नाही. आमच्याच वर्गातल्या एका मुलानं शाळेत येणंच बंद केलं होतं. त्याला नुसतं पळायला सांगून भागलं नसतं. त्याच्या घरचे त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले, ते बरं झालं. बंगळूरच्या निम्हान्स रुग्णालयात तर २०१४ पासून यासाठी वेगळा दवाखानाच आहे.

आणि एक फजिती सांगायची राहिली. पावलं मोजायचं ॲप मी फोनवर घेतलं. झालं! दिवसातून चाळीस वेळा पावलं बघायला फोन हातात. रात्री आकडा पुरा करायला खोलीत येरझाऱ्या. आबा म्हणाले, "ही व्यायाम करतीया का हिशेब?" काढून टाकलं.

मार्चमध्ये आम्ही चार भिंतीपर्यंत चढू लागलो. परीक्षा संपली, सुट्टी लागली आणि मी पुन्हा घसरले. सलग चार रात्री जागले. पाचव्या पहाटे आबा माझ्या उशाशी येऊन उभे राहिले. बोलले काही नाहीत. बॅटरी पेटवली आणि माझ्या तोंडावर धरली.

१ मे २०२२, रविवार. त्या दिवशी अदालतवाड्याच्या बाजूनं आम्ही थेट अजिंक्यताऱ्याची वाट धरली. थांबत थांबत, पाणी पीत पीत. डांबरी रस्त्याला लागल्यावर मी थोडी पुढं पळाले, परत आले, पुन्हा पळाले. दम लागला, पण तो शाळेच्या जिन्यातला दम नव्हता. दरवाजातून आत गेलो, तटाशी बसलो. खाली अख्खं सातारा, पलीकडे यवतेश्वर, मागं सज्जनगड. औरंगजेबानं हा किल्ला १७०० साली घेतला होता आणि मराठ्यांनी तो परत जिंकला, हे इतिहासात पाठ केलं होतं. त्या दिवशी तिथल्या दगडाला पाठ टेकून बसले, तेव्हा वाटलं, या चढावरून लढत येणाऱ्यांची छाती केवढी असेल!

आबांनी शेंगदाण्याची पुडी सोडली. उजव्या हातानं. मनगट अजून थोडं वाकडंच वळत होतं.

मी सहा महिने तोंडात धरलेलं विचारलं. "आबा, त्या दिवशी किती हाका मारल्या होत्या हो?"

ते शेंगदाणे सोलत राहिले. मग म्हणाले, "तीन. मग म्हटलं, झोपली असंल पोर."

"मी झोपले नव्हते, आबा."

"ठावं हाय मला. तुझ्या गेमातल्या गोळ्या मला बाहेर ऐकू येत हुत्या की. इअरफोन कसला भंगार हाय तुझा!"

मी रडायला लागले आणि ते हसायला लागले. मग मलाही हसू आलं. पुडीतले निम्मे शेंगदाणे त्यांनी माझ्या ओंजळीत ओतले.

आता मी बारावीला आहे. फोन आहे, लागतोच. रात्री नऊनंतर तो देवघराच्या फळीवर चार्जिंगला असतो. कधी कधी मी दहाला जाऊन हळूच उचलते, हेही खरं. आबा पंचाहत्तरीला पोचलेत. चार भिंतीपर्यंत येतात, तिथल्या बाकावर बसतात आणि मला वर पिटाळतात. मी किल्ल्याच्या दरवाजाला हात लावून खाली येईपर्यंत त्यांच्या घड्याळात किती मिनिटं झाली, ते मोजायचं काम आता त्यांच्याकडे आहे. परवाची वेळ ते कालच्यापेक्षा दोन मिनिटांनी जास्त सांगतात. मला खात्री आहे, त्यांचं घड्याळ पुढं आहे.