बारा व्होल्टच तर आहेत!

पाऊस लागला की आमच्या भिलाईत गाड्यांच्या कुरबुरी सुरू होतात. कुणाचा हॉर्न गप्प, तर कुणाचा इंडिकेटर भलत्याच घाईत. पुष्कळदा दोष वायरीत नसतो, दोन वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडात असतो. मेकॅनिक त्याला कपलर म्हणतात. तो घरच्या घरी तपासता येतो, पण शिस्तीनं.

ही शिस्त मला बाबांकडून मिळाली. भिलाई स्टील प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ साली सुरू झाली. पुढे बाबा तिथल्याच इलेक्ट्रिकल विभागात लागले. त्यांचा नियम घरातही चालायचा: आधी बंद, मग खात्री, मग हात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या लेकीच्या गाडीचा डावा हेडलाइट मिचमिचू लागला. ती रोज संध्याकाळी दुर्गहून जी. ई. रोडनं परतते. ट्रकच्या गर्दीत एकच दिवा लागला, तर समोरच्याला मोटारसायकल येतेय असं वाटतं. रविवारी आम्ही दोघं मीटर घेऊन बसलो. शेजारचे काका म्हणाले, "बारा व्होल्टच तर आहेत, काय होतंय?"

काकांचं अर्धं खरं आहे. बारा व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही. पण बॅटरीची दोन टोकं पान्यानं किंवा अंगठीनं जोडली गेली, तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू क्षणात लालबुंद होतो. म्हणून अंगठी, घड्याळ, बांगड्या आधी काढा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा बॉनेट उघडं असताना जवळ उदबत्तीसुद्धा नको.

वीज चालू ठेवून आम्ही एकच काम केलं, ते म्हणजे मोजणं. इंजिन थंड आणि बंद, हेडलाइट चालू. मीटरचं एक टोक कपलरच्या अलीकडे, दुसरं पलीकडे. चांगल्या जोडात आकडा शून्याच्या जवळ हवा. इथे एक व्होल्टहून जास्त दिसला. ५५ वॉटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे चार-पाच वॉटची उष्णता त्या बोटभर प्लॅस्टिकमध्येच कोंडत होती.

मग चावी काढली आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवली. गाडीची बॉडी निगेटिव्हलाच जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला लागला, तर ठिणग्या उडतात. परत लावताना निगेटिव्ह शेवटी.

कपलर काढताना वायर ओढू नका. लॉक दाबा आणि प्लॅस्टिक धरून ओढा. आत पिनांवर हिरवट थर असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करून पूर्ण वाळू द्या. आमच्या कपलरचं प्लॅस्टिक मात्र तपकिरी पडून वाकलं होतं. असा जोड साफ करून चालत नाही, बदलावाच लागतो. सुपेल्यातून नवा आणून ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला.

फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा लावा. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. तो पुन्हा उडाला, तर मोठा लावू नका आणि चांदीचा कागद तर मुळीच नाही. मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती तुमच्या सीटखालून गेलेली असते.

दोन जागी हात लावायचाच नाही: एअरबॅगच्या वायरी, ज्यांचे कपलर बहुधा पिवळे असतात, आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबल. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

घरी तपासलं म्हणून मेकॅनिकची गरज संपत नाही. फक्त त्याच्याकडे जाऊन "लाइटीत काहीतरी गडबड आहे" एवढंच सांगावं लागत नाही. माझ्या लेकीनं सांगितलं, "डाव्या हेडलाइटच्या कपलरमध्ये एक व्होल्ट खातोय." त्यानं थेट तोच कपलर हातात घेतला.