घोड्याला गणित येत नव्हतं

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांच्या हान्स या घोड्याला म्हणे गणित यायचं. बेरीज विचारा, तारीख विचारा, हान्स पुढचा पाय आपटून बरोब्बर तितक्या टापा मोजून द्यायचा. १९०४ साली त्याची तपासणी करायला समिती बसली, पण तिला लबाडी कुठेच सापडेना. मास्तर खरंच प्रामाणिक होते. मग ऑस्कर फुंग्स्ट हा मानसशास्त्रज्ञ चिकाटीने मागे लागला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्स चुकतो, विचारणारा दिसत नसेल तरीही चुकतो, हे त्याच्या ध्यानात आलं. टापा उत्तरापर्यंत पोचल्या की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं आणि हान्स थांबायचा. फुंग्स्टने १९०७ मध्ये हे सगळं छापलं. गंमत म्हणजे, कारण कळल्यावरही त्याला स्वतःची ती हालचाल रोखणं जमेना.

मानसशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट संशोधकाने कसं फसू नये, याचा धडा म्हणून शिकवतात. मी ती उलट्या बाजूने वाचते. हान्सला गणित येत नव्हतं, पण समोरच्याला स्वतःबद्दल जे माहीत नाही, ते त्याला दिसत होतं. माझा व्यवसाय या एवढ्याशा गोष्टीवर उभा आहे.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. आठवड्यातले काही दिवस पुण्यात क्लिनिकमध्ये बसते आणि उरलेले दिवस शहराबाहेरच्या एका तबेल्यात असते. तिथे येणाऱ्यांना पहिली निराशा ही होते की त्यांना घोड्यावर बसायला मिळत नाही. घोड्याच्या पाठीवरचे उपचार वेगळे. घोडा चालताना त्याच्या पाठीची जी हालचाल होते, ती आपण चालताना कमरेची होते तशीच असते. म्हणून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी फिजिओथेरपिस्ट तिचा उपयोग करून घेतात. पोलिओने गुडघ्यांखाली अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं, तेव्हापासून त्या वाटेकडे जगाचं लक्ष गेलं. माझं काम मात्र जमिनीवरच चालतं. दावं हातात घेऊन चालायचं, खरारा करायचा, नाहीतर नुसतं शेजारी उभं राहायचं.

घोडा हे शिकार होणारं जनावर. कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला, तर त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कळपातल्या एकाचे स्नायू ताठले तर बाकीच्यांना ते त्याच क्षणी कळलं पाहिजे, नाहीतर जीव गेला. तीच नजर तो माणसांवरही ठेवतो. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागावलेला चेहरा घोडे डाव्या डोळ्याने न्याहाळत आणि त्यांचे ठोकेही अधिक लवकर वाढत. ‘घोड्याला आपलं मन कळतं’ असं कुणी भारावून म्हणालं की मी अडवते. तुमचं घरी काय बिनसलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमचे खांदे वर चढलेत आणि श्वास छातीत अडकलाय, एवढंच त्याला कळतं. मला ते पुरतं.

दहावी-अकरावीतला एक मुलगा यायचा (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). क्लिनिकमध्ये त्याचं एकच उत्तर असायचं, “ठीक आहे.” त्याच्या हातात खरारा दिला आणि शर्यतीतून निवृत्त झालेली एक घोडी समोर उभी केली. तो भराभर घासायला लागला, काम उरकावं तसा. घोडीची कातडी थरथरली, एक कान मागे वळला आणि ती पाऊलभर सरकली. तोही सरकला. ती पुन्हा बाजूला झाली.

“हिला मी आवडत नाही,” तो म्हणाला. महिनाभरात त्याने आपणहून बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

मी विचारलं, “ती नको म्हणतेय की हळू म्हणतेय?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हात सावकाश फिरायला लागला. मान जिथे पाठीला मिळते, त्या उंचवट्यापाशी घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवलं की त्यांचे ठोके मंदावतात. योगायोगाने तो तिथेच पोचला. घोडीने मान खाली सोडली, खालचा ओठ लोंबू लागला. कडेला उभे असलेले मोतद्दारमामा म्हणाले, “आता सैल पडली बघा.” कोण सैल पडलं, हे मी त्यांना विचारलं नाही. पुढच्या खेपेला मुलगा शाळेबद्दल बोलला. तिथेही त्याला सगळ्यांच्या ‘हळू’मध्ये ‘नको’ ऐकू येत होतं. हे घोडीने सांगितलं नाही. तिने फक्त पाऊल मागे घेतलं, त्या पावलावर बोलणं हे माझं काम.

आता पुराव्याचं बोलू, कारण घोडं पेंड खातं ते इथेच. मानसिक आजारांवरच्या घोड्यांच्या उपचारांवर झालेले १४ अभ्यास २०१४ मध्ये एका परीक्षणात तपासले गेले. निष्कर्ष कडक होता, या उपचारांना भक्कम आधार नाही. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या एका गटाने १२७ स्वमग्न मुलांवर १० आठवड्यांचा नीट आखलेला प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या मुलांना घोडेस्वारी, बाकीच्यांना जिवंत घोड्याशिवाय घोड्यांचीच माहिती. स्वारी करणाऱ्यांची चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली. एक प्रयोग म्हणजे काही शिक्कामोर्तब नव्हे. म्हणून नैराश्याच्या गोळ्या बंद करून कुणी माझ्याकडे आलं, तर मी आधी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवते.

शिवाय घोड्याचं श्रेय किती आणि मोकळ्या रानाचं किती? रॉजर उल्रिख यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. माझ्या तबेल्याला तर भिंतीच अर्ध्या आहेत.

आपल्याकडे घोडा वरातीत नाचतो, माथेरानला ओझी आणि माणसं वाहतो, आणि वारीच्या रिंगणात त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. पूजा आणि राबवणं दोन्ही आहे, सोबत मात्र धनगरांकडे पाहावी. त्यांच्या बिऱ्हाडाचा संसार पाठीवर घेऊन चालणारी भीमथडी तट्टं बुटकी असतात. लहान मुलाचा हात सहज पाठीवर पोचतो. पालकांना उंच, तुकतुकीत जनावर हवं असतं, माझी पसंती तट्टाला.

पालकांना आणखी एक घोडा फार आवडतो, तो म्हणजे अजिबात न हलणारा. कुणी कसंही घासा, ओढा, कान धरा, तो उभाच. “किती गरीब आहे!” म्हणतात. पुष्कळदा तो गरीब नसतो, त्याने नाद सोडलेला असतो. सरकून उपयोग नाही, हे त्याला कामाच्या वर्षांनी शिकवलेलं असतं. असा घोडा मला काहीच सांगू शकत नाही, त्याला आम्ही कामावरून काढून चरायला सोडतो. घोडा जीभ फिरवून तोंड चघळू लागला की ‘निवांत झाला’ म्हणायची पद्धत आहे, तीही अर्धीच खरी. ताणातून बाहेर येतानाची ती खूण आहे, म्हणजे क्षणापूर्वी ताण होता. तो कुणामुळे आला, हे बघावं लागतं.

हल्ली शनिवार-रविवारच्या फार्महाउसांवरही ‘घोडा थेरपी’चे फलक दिसतात. मुलाला न्यायचं असेल तर आधी एकटे जा. उपचार करणाऱ्या माणसाचं शिक्षण विचारा, नुसती घोड्यांची आवड पुरत नाही. मग घोडा बांधलेला आहे की सैल दाव्यावर, ते पाहा. माणूस जवळ येताना त्याचे कान हलतात का, पाहा. त्याला बाजूला व्हावंसं वाटलं तर होऊ देतात का, तेही पाहा. होऊ देत नसतील, तर पैसे घोडेस्वारीचे द्या आणि तेवढंच घेऊन या.