मालकाच्या केबिनमधली वेबसाइट

जिल्हा वृत्तपत्रांना वेबसाइट करून देण्याच्या धंद्यात मी बरीच वर्षं काढली. माझ्या हातून झालेल्या चुकांपैकी बहुतेकींचं मूळ एकाच जागी सापडतं: मालकांच्या केबिनमध्ये. तिथे मोठा स्क्रीन, ऑफिसचं वायफाय, समोर चहा. साइट झटक्यात उघडायची, वरचा स्लायडर सरकायचा, मालक म्हणायचे, "झकास!" आणि चेक निघायचा. वाचकाला त्या केबिनमध्ये कधी बोलावलंच नव्हतं.

त्यात २०१२च्या डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'चं 'स्नो फॉल' आलं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका हिमस्खलनाची हकीकत. पान खाली सरकवावं तसे डोंगर फिरायचे, मजकुरातच व्हिडिओ सुरू व्हायचे. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि मला वेड लागलं. त्या एका पानामागे लेखक, छायाचित्रकार, ग्राफिकवाले अशी पलटण राबली होती, हे मी सोयीस्करपणे विसरलो. आमच्याकडे जो बातमीदार, तोच जाहिराती आणायचा. तरी मी यात्रेवर, धरणावर, गुऱ्हाळांवर असली 'स्पेशल' पानं करत सुटलो. स्पर्धेला पाठवायला ती छान होती. पण स्वस्तातल्या फोनवर ती उघडेपर्यंत माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर परत गेलेला असायचा.

२०१९च्या ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला, तेव्हा मी त्या भागातल्या एका दैनिकाची साइट सांभाळत होतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, वीज गेलेली. लोकांना एकच आकडा हवा होता: आत्ता पाणी किती? आणि माझं मुखपृष्ठ आधी ड्रोनचा व्हिडिओ ओढत बसलेलं, तोही न विचारता सुरू होणारा. बॅटरी पुरवून पुरवून वापरणाऱ्या माणसासमोर.

हे एक वेळ परवडलं. खरी गोची वेगळीच होती. साइट 'जिवंत' वाटली पाहिजे, असा मालकांचा आग्रह. म्हणून मी माथ्यावर तारीख आणि चालतं घड्याळ बसवलं होतं. ते वाचकाच्या फोनमधली वेळ दाखवायचं. बातमीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याच्या बरोब्बर खाली पाणीपातळीची पट्टी. पट्टीतला आकडा बातमीदार हाताने भरायचा, आणि तो पुरात अडकला की आकडा तसाच राहायचा. म्हणजे पातळी पहाटेची आणि वर वेळ दुपारची. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि तो ग्रुपांवर फिरला: पाणी स्थिर आहे. आम्हाला कळलं ते एका वाचकाच्या फोनमुळे. "तुमचा आकडा बघून आम्ही सामान माडीवर चढवायचं थांबवलं होतं," तो म्हणाला. चिडला नव्हता. ते घड्याळ कशासाठी ठेवलंय, एवढंच त्याला समजून घ्यायचं होतं, आणि मला सांगता येईना. त्याच दिवशी घड्याळ काढलं. आकड्याशेजारी मोजल्याची वेळ भरल्याशिवाय पट्टी पुढे जाणार नाही, अशी सोय केली. अर्ध्या तासाचं काम होतं.

जुन्या अंकांचं काम गुपचूप बिघडलं. पानं वर्षानुवर्षं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये लागलेली, ती युनिकोडात आणायची होती. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात नंतर. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर चुकतो. 'स्थिती'ची वेलांटी भलतीकडे, 'तऱ्हा'मधला र गायब. मी मुखपृष्ठ तपासलं, चार बातम्या चाळल्या आणि बटण दाबलं. निधनवार्तांमधली नावं मोडली. मोडलेलं नाव शोधून सापडत नाही, त्यामुळे तक्रारही येत नाही; मला वाटत राहिलं, सगळं उत्तम चाललंय.

नव्या यंत्रणेवर साइट नेताना जुने पत्ते नव्याकडे वळवावे लागतात. ते काम केबिनमध्ये दिसत नाही, म्हणून मी 'पुढच्या टप्प्यात' ढकललं. तो टप्पा आलाच नाही. शिवाय नवे पत्ते ठेवले देवनागरीत, मराठीचा अभिमान म्हणून! अशी लिंक कॉपी करून पाठवली की एकेका अक्षराच्या जागी टक्क्याची खूण, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून किमान नऊ चिन्हं उमटतात. चार ओळींचं ते कोडं बघून लोकांना व्हायरस वाटायचा. जुन्या पत्त्यांचा फटका बसला एका कार्यकर्त्याला. त्याने माहिती अधिकाराच्या अपिलात ऊसदराच्या आमच्या बातमीची लिंक जोडली होती. "साहेबांनी क्लिक केलं, तर 'पान सापडत नाही'," त्याने फोनवर सांगितलं. अपिलाचं पुढे काय झालं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

छोटं दैनिक चालवणाऱ्यांना एक विनंती. साइट पसंत करताना केबिनमधून उठा, छपाईच्या मशीनवर काम करणाऱ्याचा फोन मागून घ्या, वायफाय बंद करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून एक बातमी उघडून बघा. आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे तेही आजच तपासा. ते माझ्यासारख्या डिझायनरच्या नावावर असण्याची शक्यता बरीच आहे. माझ्याकडेच अजून एक-दोन पडून आहेत. ज्यांची असतील त्यांनी मागून घ्यावीत.