रेघेचे मोल

हरमलच्या बाजारात इसवणाचा भाव विचारताना कोणाला संकोच वाटत नाही. पाडेलीला माडामागे किती द्यायचे, चिऱ्याच्या गाडीला किती पडतील, गवंड्याची दिवसाची मजुरी काय, हे प्रश्न चारचौघांत मोकळेपणाने विचारले जातात आणि उत्तरेही तितक्याच मोकळेपणाने मिळतात. फक्त एका माणसाला त्याच्या कामाचे मोल विचारताना आपल्या मंडळींचा आवाज खाली जातो, आणि ते सांगताना त्याचाही जातो. तो माणूस म्हणजे घराचा नकाशा काढणारा वास्तुविशारद. गेली तीसेक वर्षे हा उतरलेला आवाज मी ऐकत आलो आहे. त्यातला एक आवाज माझाच आहे.

माझे कार्यालय म्हणजे आमच्या घराच्या पडवीची भिंत घालून बंद केलेली खोली. एक आरेखक, अधूनमधून उमेदवारी करायला येणारा एखादा विद्यार्थी, दोन संगणक आणि नकाशांच्या गुंडाळ्यांनी भरलेले एक कपाट, एवढाच पसारा. पणजीला आल्तिनोवर १९८२ साली वास्तुशास्त्र महाविद्यालय सुरू झाले आणि पेडण्यासारख्या तालुक्यातल्या मुलांनाही हे शिक्षण आवाक्यात आले. मी त्यांपैकी एक. चार्ल्स कोरियांनी रचलेल्या कला अकादमीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही तासन् तास छाया-प्रकाशाच्या गोष्टी केल्या. शेवटच्या वर्षी व्यावसायिक व्यवहार नावाचा विषयही होता. त्यात निविदा, करार आणि लवाद यांची कलमे पाठ केली. मात्र समोर बसलेल्या मामांना आपली फी कशी सांगावी, याचे कलम त्यात नव्हते.

आपल्या घराण्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, हेही मान्य केले पाहिजे. पिढ्यांपूर्वी येऊन या मातीत रुजलेल्या आपल्या पूर्वजांनी राजांगणाची, माजघराची, देवघराची जी घरे बांधली, ती कोणा पदवीधराला विचारून बांधली नाहीत. घरमालक, मेस्त आणि गवंडी यांनी मिळून ती उभी केली. मेस्ताला मजुरी, जेवण आणि काम संपल्यावर धोतरजोडी मिळे. त्याच्या डोक्यातला आराखडा त्या मजुरीतच आलेला असे. त्यामुळे हाताने काही न उचलणाऱ्या, कागदावर रेघा मारणाऱ्या माणसाला वेगळे पैसे का द्यावेत, हा प्रश्न आपल्याकडे कंजूषपणातून उपजलेला नाही. त्याच्यामागे एक जुनी, एके काळी अगदी योग्य असलेली व्यवस्था आहे.

ती व्यवस्था बदलली कशी, हे आम्हीच लोकांना नीट सांगितले नाही. आज हरमलमध्ये साधे घर बांधायचे तर नमुना एक व चौदाचा उतारा लागतो, जमीन शेतीची असल्यास रूपांतराची सनद लागते, नगर नियोजन खात्याची आणि पंचायतीची परवानगी लागते. समुद्राची भरतीरेषा जवळ असेल तर १९९१ पासून लागू झालेले किनारपट्टीचे नियम आडवे येतात. एका घराच्या कामातले रेखाटण्याचे दिवस मोजके असतात; उरलेले दिवस मोजणीत, शंका-समाधानात आणि पेडणे, म्हापसा, पणजी अशा खेपांत जातात. घरधन्याच्या हाती पडतात त्या चार निळसर गुंडाळ्या. त्यांच्याकडे पाहून त्याने ‘एवढ्याचे एवढे?’ असे म्हटले, तर त्याला दोष कसा द्यावा?

त्यात आपल्या पावसाची भर पडते. जून ते सप्टेंबर पाया खणता येत नाही, चिरा चढत नाही. काम थांबले की घरधन्याचा हप्ता थांबतो; पण आरेखकाच्या घरची चूल थांबत नाही. चतुर्थीच्या आधी प्रत्येकाला घर पुरे करून हवे असते आणि चतुर्थीनंतर प्रत्येकाचा हात आखडलेला असतो. हा हिशेब कळेपर्यंत व्यवसायातली माझी पहिली दहा वर्षे गेली. मिळेल तेव्हा मिळेल तेवढे घ्यायचे, न मिळाल्यास ‘आपलीच माणसे’ म्हणून सोडून द्यायचे, या रीतीला मी सज्जनपणा समजत होतो.

२००४ साली आमच्या मास्तरांनी मला बोलावले. त्यांच्याच हाताखाली मी बाराखडी गिरवली होती. घर पाच भावांच्या सामाईकीतले. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे वारसांचे आणि त्यांच्या जोडीदारांचेही हक्क मालमत्तेत गुंतलेले असतात. त्यामुळे उताऱ्यावर नावांची मोठी माळ होती. मागच्या बाजूचे वासे वाळवीने खाल्ले होते आणि एक भिंत बाहेरच्या अंगाला कलली होती. मास्तर म्हणाले, “तू आहेस म्हणून मला काळजी नाही.” त्यानंतर फीचा विषय काढणे मला अशिष्टपणाचे वाटले. घर मास्तरांचे एकट्याचे नाही, तेव्हा हे काम मला नेमके कोण सांगत आहे, हेही मी विचारले नाही.

जुन्या घराची दुरुस्ती हे नव्या बांधकामाहून अवघड काम असते. प्रत्येक कौल उतरल्यावर नवा प्रश्न समोर येतो आणि त्याचे उत्तर जागेवर उभे राहूनच द्यावे लागते. ते काम चौदा महिने चालले. खर्च सहा लाखांच्या आसपास आला. आमच्या परिषदेने सुचवलेले स्वतंत्र घराचे प्रमाण त्या काळी खर्चाच्या साडेसात टक्के होते. त्या मापाने माझे पंचेचाळीस हजार होत होते, म्हणजे महिन्याला तीन हजारांहून थोडे अधिक. माझ्या आरेखकाचा पगार त्यापेक्षा जास्त होता. शिवाय चांगले वासे न बदलता वाचवले, तितका खर्च कमी झाला आणि तितकीच टक्क्यांनी मोजलेली माझी फीही. मालकाचे पैसे वाचवणाऱ्याने स्वतःचे गमवावेत, असा या टक्केवारीचा उलटा न्याय आहे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात पगाराची अडचण झाली, तेव्हा मी धीर करून बिल पाठवले. मास्तरांनी ते भावांपुढे ठेवले. मुंबईच्या भावाने विचारले, याला नेमले कोणी? बेळगावच्या भावाने म्हटले, तो तर तुमचा विद्यार्थी ना? दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्हींची उत्तरे देणारा कागद माझ्याजवळ नव्हता. पैसे आले नाहीत. त्याचे दुःख मी पचवले असते. पण मास्तर आमच्या घरी यायचे बंद झाले. बाजारात मी दिसलो की ते पलीकडच्या दुकानाकडे वळत.

दोन वर्षांनी त्यांचा नातू एक पाकीट घेऊन आला. आत पंधरा हजार रुपये होते आणि ‘उरलेले जमेल तसे’ एवढेच शब्द. पेन्शनीतून साठवलेले ते पैसे आहेत, हे मला समजले. माझे मन भरून आले आणि मी ते पाकीट तसेच परत पाठवले. त्या रात्री मला स्वतःचा अभिमानही वाटला.

ती माझी दुसरी चूक होती, आणि पहिलीहून मोठी. मास्तरांनी आपल्या माथ्यावरचे ओझे उतरवायला हात पुढे केला होता. मी मोठेपणा दाखवून ते ओझे पुन्हा त्यांच्या माथ्यावर ठेवले. त्यानंतर ते मला भेटलेच नाहीत. त्यांच्या तेराव्याला मी त्या दुरुस्त केलेल्या भिंतीजवळ बसलो होतो. भिंत सरळ उभी होती. पैसे न घेण्याने आपण माणसाला उपकृत ठेवतो आणि उपकृत माणूस आपल्यासमोर मोकळा बसू शकत नाही, ही साधी गोष्ट मला तिथे कळली.

पुढे मी रीत बदलली. पहिल्या भेटीचे चहापाणी आणि सल्ला मोफत. परंतु मोजपट्टी हाती घेण्यापूर्वी दोन पानी मराठी करार. काम सांगणारे कोण, सहहिस्सेदारांपैकी कोणाची संमती आहे, मी काय करणार आणि काय करणार नाही, कोणत्या टप्प्यावर किती रक्कम, काम पावसात थांबले तर काय, हे सारे त्यात असते. नव्या घराला टक्केवारी, दुरुस्तीला ठरावीक रक्कम आणि जागेवरच्या प्रत्येक फेरीचे वेगळे. थोडी रक्कम आगाऊ. २०१७ नंतर वस्तू व सेवा कर आला. वर्षाची उलाढाल वीस लाखांपलीकडे गेल्यावर बिलात अठरा टक्के वाढतात आणि ते माझ्या खिशात जात नाहीत, हेही मी आधीच लिहून ठेवतो. सुरुवातीला काही नातेवाईक दुखावले. दोघे-तिघे दुसरीकडे गेले. पण जे राहिले त्यांच्याशी माझे एकदाही वाकडे आले नाही.

या आगाऊ रकमेचे खरे मोल मला मोपाच्या विमानतळाचे काम चालू असताना समजले. पेडण्यातल्या जमिनींचे भाव चढू लागले होते. एका जुलैच्या दुपारी परगावचे एक गृहस्थ तयार नकाशांचा गठ्ठा घेऊन आले. टेकडीच्या उतारावर वीसेक घरे. नकाशे कोणी दुसऱ्याने काढलेले. माझी फक्त सही हवी होती. एका सहीचे ते जे देऊ करत होते, ते माझ्या सहा महिन्यांच्या कमाईहून अधिक होते. उतारावरून पावसाचे पाणी कुठे वाहते, हे त्या नकाशांत कुठेच दाखवले नव्हते. खालच्या वाड्यावरच्या विहिरी मला ठाऊक होत्या. मी नाही म्हटले. कपाटात पुढच्या चार महिन्यांचे पगार बाजूला ठेवलेले होते, म्हणून मला तसे म्हणता आले. पूर्वीसारखा रिकामा पावसाळा असता, तर माझ्या हातून काय झाले असते याची खात्री मी देत नाही. आमच्या व्यवसायात उघड फी न घेणाऱ्याला फरशीवाला आणि रंगवाला आडून देऊ करतात, आणि मग घरात कोणती फरशी बसावी हे घरधनी ठरवत नाही. आमची १९८९ ची आचारसंहिता कामे मिळवण्यासाठीच्या दलालीला मनाई करते. पण पोट रिकामे असताना संहितेची आठवण राहायला फार मोठे मन लागते.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांचा तोच नातू कार्यालयात आला. आता त्याची कानशिले पिकू लागली आहेत. घराच्या पुढच्या सोप्याचे छत गळत होते. मी दोन पाने त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती सावकाश वाचली, काका-आत्यांच्या संमतीची पत्रे मागवून घेतो म्हणाला आणि पंधरा दिवसांनी सगळी आणून दिली. आगाऊ रकमेचा धनादेश देताना किंचित थांबून म्हणाला, “भाऊ, हे परत पाठवू नका हं.”

मी तो घेतला आणि पावती फाडून दिली. काम चतुर्थीआधी पुरे झाले. चतुर्थीला त्यांच्याकडून नेवऱ्यांचे ताट आले, ते आम्ही ठेवून घेतले आणि आमचे त्यांच्याकडे गेले. आता तो बाजारात भेटला की रस्ता ओलांडून माझ्याकडे येतो.