खुर्चीतला खेळाडू

खेळ म्हटला की धावपळ, घाम आणि आरडाओरडा आलाच, अशी आपली समजूत असते. कबड्डीत हरणारा गडीसुद्धा शेवटच्या क्षणापर्यंत झोंबत असतो. पण स्नूकर नावाचा एक खेळ असा आहे की, त्यात खेळाडूला बराच वेळ नुसते खुर्चीत बसून राहावे लागते. आणि मला वाटते, त्याची खरी कसोटी तिथेच लागते.

बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असे हिरवे टेबल. त्यावर १५ तांबडे चेंडू, सहा निरनिराळ्या रंगांचे आणि ज्याला काठीने टोला द्यायचा तो एक पांढरा. आधी तांबडा चेंडू टेबलाच्या खिशात घालायचा, मग रंगीत, मग पुन्हा तांबडा. तांबड्याचा गुण एक, काळ्याचे सात. चेंडू पडत आहेत तोवर टेबल तुमचे. प्रत्येक तांबड्यामागून काळाच साधला आणि शेवटी सारे टेबल साफ केले, तर एका दमात १४७ गुण होतात. तेवढा वेळ प्रतिस्पर्ध्याने काय करायचे? खुर्चीत बसायचे, पाण्याचा घोट घ्यायचा आणि पाहत राहायचे. अडवता येत नाही, ओरडता येत नाही, उठून जाताही येत नाही!

हा खेळ जन्माने आपल्याकडचाच. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने तो काढला, असे सांगतात. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन निराळे. लष्करी शाळेतल्या नवख्या, कच्च्या विद्यार्थ्याला त्या काळी चेष्टेने ‘स्नूकर’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. आम्हा मास्तरांना असा खेळ जवळचा वाटला तर नवल नाही.

पण सासरी गेलेली ही लेक तिकडेच रमली. व्यावसायिक मानांकन स्पर्धेच्या रूपाने तिला माहेरी यायला २०१३ चा ऑक्टोबर उजाडला. मानांकन स्पर्धा म्हणजे जिच्यातल्या यशावर खेळाडूचा जगातला क्रमांक ठरतो ती. दिल्लीच्या त्या पहिल्या ‘इंडियन ओपन’मध्ये मुंबईचा आदित्य मेहता अंतिम फेरीत पोचला. मानांकन स्पर्धेत इतकी मजल त्याच्याआधी एकाही भारतीयाने मारली नव्हती. उपान्त्य फेरीत त्याने स्कॉटलंडच्या स्टीफन मग्वायरला ४-३ असे हरवले होते. समोर आता चीनचा डिंग जुनहुई होता. पाच डाव जो आधी जिंकेल तो विजयी.

ती १८ तारीख, कोजागिरीची. आम्ही सारे गच्चीवर जमलो होतो. चुलीवरून उतरलेल्या दुधाला वेलदोड्याचा वास सुटला होता. माझा पुतण्या तेवढा एका कोपऱ्यात बसला होता. स्पर्धा परीक्षेच्या यादीत त्याचे नाव दुसऱ्यांदा आले नव्हते, आणि त्याला आठ दिवससुद्धा झाले नव्हते. हातातल्या मोबाइलकडे पाहून तो म्हणाला,

“संपलं, काका. पाच-शून्य. एक डावसुद्धा नाही.”

तो हे कोणाविषयी बोलत होता, ते गच्चीवरच्या सगळ्यांना समजले. कोणी काही बोलेना. मग माझी आई म्हणाली, “अरे बाळा, तिथवर जायला त्यानं किती जणांना हरवलं, ते सांग की!”

पुतण्या हसला नाही. पण त्याने पेला पुढे केला. आईने दूध ओतले. मग आजीशेजारी बसून तो तिला मग्वायरची हकीकत सांगू लागला.

डिंगने त्या मोसमात ओळीने तीन मानांकन स्पर्धा जिंकल्या. अशा माणसाचा हात बसलेला असताना समोरच्याच्या गुणवत्तेला टेबलापाशी जायची वाटच उरत नाही. शून्य हा आकडा नेहमी नालायकीचा नसतो. पुष्कळदा पाळी न आल्याचाही असतो. आम्ही शिक्षक मात्र उत्तरपत्रिकेवर तो लाल शाईने एकसारखाच काढतो.

पुतण्याने तिसऱ्यांदा परीक्षा दिली. त्याही खेपेला नाव आले नाही. आज तो तालुक्याच्या गावी एका पतपेढीत हिशेब पाहतो, आणि संध्याकाळी चार मुलांना फुकट गणित शिकवतो. त्याची पाळी कोणत्या टेबलावर येणार होती, ते यादी करणाऱ्यांना कसे कळावे?

मुलांना आपण टोला मारायला शिकवतो, ते योग्यच आहे. पण दुसरा खेळत असताना चडफडाट न करता, आणि मुख्य म्हणजे हातातली काठी खाली न ठेवता, खुर्चीत बसायचे कसे, तेही कोणीतरी शिकवायला हवे. त्या विषयाचा तास अजून कुठल्याच वेळापत्रकात नाही. तोवर घरोघरी दुधाचा पेला पुढे करणारी एक आजी असावी, एवढेच दिवाळीच्या निमित्ताने मागणे.