तोंडी निरोप

दिवाळीची झाडलोट म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषावर चाललेला एक खटलाच असतो. माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि आपण सोयीनं विसरलेले कागद एकेक करून साक्षीला उभे राहतात. परवा असाच एक पिवळा पडलेला कागद आमच्या सौभाग्यवतींच्या हाती लागला. "ही कसली हो यादी? रद्दीत घालू?" मी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

यादी मुलींच्या वसतिगृहाची होती. बारा नावं. बाराव्या नावावर काट मारून वर दुसरं लिहिलेलं. अक्षर माझं, खाली सहीही माझीच.

निवड समितीनं गुण पाहून नावं ठरवली होती आणि समितीचा चिटणीस म्हणून यादी माझ्यापाशी होती. संध्याकाळी एका मंत्रिमहोदयांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. "साहेबांची इच्छा आहे," एवढंच तो म्हणाला आणि एक नाव सांगितलं. हे लेखी मागावं असं मनात आलं, ते मनातच राहिलं. समिती मी पुन्हा बोलावली नाही.

कापलेलं नाव आमच्या गावच्या कुंभाराच्या मुलीचं. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "काय करणार बाबा, वरूनच आलं," मी म्हणालो. त्यानं खरोखरच मान वर करून कौलांकडे पाहिलं. मुलगी सातवीनंतर घरी बसली.

साहेबांना त्या फोनची वार्ता तरी होती का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणूनच की काय, मुंदडा प्रकरणाची हकिकत मी पुन्हा पुन्हा वाचतो. १९५७ च्या जूनमध्ये आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. महामंडळाला गुंतवणूक समिती होती. तिला कुणी विचारलंच नाही! डिसेंबरात लोकसभेत हा प्रश्न धसास लावला तो फिरोज गांधींनी. म्हणजे सत्ताधारी पक्षाचेच सभासद, आणि वर पंतप्रधानांचे जावई. मग १९५८ च्या आरंभी मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली. ऐकायला गर्दी एवढी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थसचिव एच. एम. पटेल म्हणाले, मंत्र्यांची तोंडी संमती होती. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणाले, मी ती दिलीच नव्हती. छागलांनी सांगितलं, सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, ती झटकता येत नाही. फेब्रुवारीत कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

पुढं १९६२ साली ते मंत्रिमंडळात परत आले, आणि पटेल तर १९७७ साली स्वतःच अर्थमंत्री झाले! कुंभाराच्या पोरीची आठवी मात्र कुणी परत आणून दिली नाही.

छागलांचा तो निर्णय प्रथम वाचला तेव्हा, कबूलच करतो, मला हायसं वाटलं होतं. जबाबदारी मंत्र्याची! म्हणजे मास्तर सुटले. पण त्याच अहवालात आणखीही एक तत्त्व सांगितलेलं आहे: महामंडळावर नेमलेल्या सनदी अधिकाऱ्यांची निष्ठा महामंडळाशी असावी, सरकारातल्या वरिष्ठांच्या दबावाखाली येऊन त्यांनी आपली बुद्धी त्यांच्या स्वाधीन करू नये. ते पान मी बरीच वर्षं घाईनं उलटत असे.

कुंभार अजूनही बाजारात पणत्या घेऊन बसतो. डझन मागितल्या तर माझ्या पिशवीत एक जास्त टाकतो. पैसे पुढं केले तर घेत नाही. "असू द्या मास्तर, लेकरांना शिकवता," म्हणतो. ती तेरावी पणती दारात लावायला माझा हात धजत नाही. दर वर्षी ती फडताळात मागं सरकवून ठेवतो. तिथं आता चांगली रांग लागली आहे.

"अहो, पणत्या आणायच्या राहिल्यात," आतून हाक आली. मी त्या कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पिशवी घेऊन बाजाराकडे निघालो.